लटारूनं आणलेला सांगावा

लटारू मारबतेला लटारू म्हणून हाक मारणारं आमच्या गावात कोणी उरलं नव्हतं. "काय गा कोरिया, आज जाळ्यात काय घावलं?" असं शेंबडे पोट्टेसुद्धा विचारत, आणि तो मुकाट्यानं टोपलं उघडून दाखवी. आधी आधी त्याला राग येई. मग तोही येईनासा झाला. ओझं वाहून वाहून मान बसली की ओझं आहे हेच समजत नाही, तसं.

जातीचा ढिवर. बोडीत म्हणजे लहान तळ्यात मासे मारायचे, शिंगाडे लावायचे आणि लग्नसराईत डोली वाहायची, हा बापजाद्यांचा धंदा. डोली वाहणं म्हणजे नुसता खांद्याचा जोर नव्हे. पुढच्यानं वाट पाहायची. मागच्याला डोलीमुळे वाट दिसत नाही, म्हणून पुढचा तोंडानं सांगत जातो, "खड्डा... मुळी... डावीकडं पाणी..." आणि मागचा दर वेळी हुंकार देतो. हुंकार आला नाही तर पुढच्यानं जागीच थांबायचं. लटारू नेहमी पुढं, वारलू नेहमी मागं. सख्खे भाऊ नव्हते, पण आमच्याकडे डोलीची जोडी भावापेक्षा जवळची मानतात. भाऊ वाटणीला उठतो, जोडीदार उठत नाही.

मोठ्या लढाईच्या दिवसांत चांद्याहून भरतीवाला आला होता. त्यानं या दोघांना भरल्या नाल्यातून नवरीची डोली कोरडी काढताना पाहिलं आणि तिथंच विचारलं, जखमी शिपाई वाहाल काय? त्यात काय, म्हणाले. नवरीपेक्षा शिपाई हलका. लढाई संपली तरी दोघं पलटणीच्या दवाखान्यातच राहिले. मधात सुटीवर येऊन वारलूनं लग्न केलं. बायको सुगंधा, धानोऱ्याकडची. घरात म्हातारी माय गुणाबाई. बाप आधीच गेलेला, भाऊ नाही. एक महिना सुगंधेला नवरा दिसला, मग तार आली आणि दोघं कोरियाला गेले.

कोरिया कुठं आहे ते गावात कोणाला माहीत नव्हतं. जातीचा मोठा पंच बुधू म्हणे, ब्रह्मदेशाच्या जरासं पल्याड. गुणाबाई एवढंच विचारी, "तिथी धान होते काय गा?" होते असं कोणी सांगितलं की तिला बरं वाटे. धान पिकते तिथं माणूस उपाशी नाही मरत, एवढं तिचं भूगोलाचं ज्ञान. उपाशी न मरता दुसऱ्या रीतीनं मरता येते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात सरकारचा कागद आला. पटवाऱ्यानं वाचला आणि टोपी काढली. वारलू गेला म्हणून लिहिलं होतं. सुगंधेनं हंबरडा फोडला. गुणाबाई मात्र पटवाऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्याच कागदात मांगच्या साली मुखरू तेली मेला होता ना जी? मुखरू घाणा हाकून राह्यला. जा, पाह्यून या."

हे खरं होतं. मुखरू तेल्याला पटवाऱ्यानं चुकीनं मारलं होतं आणि त्याला जिवंत करायला चार चकरा लागल्या होत्या. जमलेले लोक अशा वेळीसुद्धा हसले.

"कागद खोटा," गुणाबाई म्हणाली. "लटारू येईन. तो सांगन. डोलीचा जोडीदार खोटं बोलत नाई."

म्हणजे सगळं लटारूच्या तोंडावर येऊन थांबलं. माणूस परमुलखात मेला, प्रेत आलं नाही, तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. तो जळला की माणूस मेला. मग विधवेला दुसरा पाट लावता येतो, तिला कोणी नाव ठेवत नाही. पण पुतळा जाळायला मायबापाचा होकार लागतो. मायच म्हणते पोरगा जिता आहे, तर पंच कोणाचा पुतळा करतील?

लटारू परतला तो फागुनाच्या शेवटी. आरमोरीपासून पायी आला होता. डाव्या पायाची बोटं बर्फानं झडलेली, त्यामुळं फेकत चालायचा. उन्हानं जीभ टाळूला चिकटली होती.

आता इथं आमची रीत सांगितली पाहिजे. मयताचा सांगावा आणणारा माणूस त्या घरच्या आंगणात पाय ठेवत नाही. पागोटं काढून फाटकाबाहेर उभा राहतो, काय ते सांगतो आणि पाठ फिरवून चालायला लागतो. बसत नाही. त्या घरचं पाणी तर मुळीच पीत नाही. पाणी प्याला तर सांगावा बाटला. हे आमच्याकडे दूध पिणाऱ्या लेकरालाही माहीत. लटारूलाही माहीत होतं. पण इतकी वर्षं पलटणीत राहिलेला माणूस. तिथं रोज माणसं मरत आणि रोज चहा पीत. शरीराला रीत विसरायला किती वेळ लागतो?

गुणाबाई दारातच होती. "आला गा लटारू! आला माहा बाप! वारल्या कुठी हाये? मांगून येऊन राह्यला काय?"

लटारूनं तोंड उघडलं. आवाज निघेना. तिनं पाण्यानं भरलेला गडवा त्याच्या हातात कोंबला. आणि लटारू घटाघटा प्याला. सगळा गडवा. मग ओठ पुसले आणि म्हणाला, "बाई, वारलू गेला."

गुणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. रिकाम्या गडव्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला, असं सुगंधा सांगे.

"पानी पेलास ना रे तू?"

"पेलो."

"मंग? मयताचा सांगावा आननारा पानी पेते काय? थट्टा करतेस काय म्हातारीची? सांग, कुठी ठेवलास त्याले?"

लटारू तिथंच मटकन खाली बसला. बसला, ही दुसरी चूक.

त्याच्या पायाची जखम पावसाळ्यात चिघळली. नदीपल्याड मिशनचा लहानसा दवाखाना होता, तिथला गोरा फादर मलमपट्टी करी. फ्रान्सच्या डोंगरातला माणूस, हिंदी-मराठीची खिचडी बोलायचा. त्यानं पट्टी सोडली आणि विचारलं, "ये तो बर्फ का काम है. चांदा में बर्फ किधर मिला तुम को?"

"कोरियात, फादर."

फादरच्या हातातली कात्री खाली पडली. धावत आत गेला आणि पुस्तकांची पेटी ओढत आणली. जवान होता तेव्हा त्याला कोरियाला जायचं होतं. त्याच्या देशाचे पादरी फार पूर्वी तिथं गेले होते आणि तिथल्या राजानं त्यांची मुंडकी उडवली होती. तेव्हा आपलंही मुंडकं तिथंच उडावं अशी याची इच्छा. त्यासाठी फ्रेंच भाषेत कोरियावर लिहिलेलं जे मिळेल ते त्यानं जमवलं, वाचलं, आणि वरच्या मोठ्या पादऱ्यानं त्याला पाठवलं चांद्याला.

"हम ने कोरिया मांगा," फादर म्हणाला, "हम को मिला मलेरिया."

तेव्हापासून पट्टीच्या दिवशी ओसरीवर वाचन व्हायला लागलं. मुखरू तेली मिशनला दिव्याचं तेल द्यायला येई, तोही टेकून बसे. मुखरू म्हणजे घाणा हाकणारा, पण खरा जीव दंडारीत. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडारीचा खेळ तोच बांधायचा, गाणी तोच जोडायचा. फादर पुस्तकातलं फ्रेंच आधी मोठ्यानं वाची, डोळे मिटून, आणि मग आपल्या खिचडीत सांगे. जहाजावरच्या साहेबांची पुस्तकं होती. त्यांनी कोरिया बंदरातूनच पाहिला आणि वर हेही लिहिलं की तिथली माणसं तोंड दाखवत नाहीत. पादऱ्यांच्या पुस्तकात रक्तच रक्त. एक अगदी नवं पुस्तक पेपरवाल्याचं होतं, याच लढाईतलं, त्यात रणगाडे, चिखल, आणि रस्त्यानं पळणारी माणसं. पण कोरियाचं माणूस त्यात एकही बोलत नव्हतं. सगळे नुसतेच पळत.

"हे खरं हाये," लटारू त्यावर म्हणाला. "पळत होते खरे."

पण फादरच्या आवडीचं होतं एक जुनं, चित्रांचं. कोणा लेखकानं मनानं रचलेली कहाणी. पहाटेच्या धुक्यातला शांत मुलूख, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, घोड्याच्या केसांच्या उंच टोप्या. एक फ्रेंच शिपाई जखमी होऊन बर्फात पडतो. त्या देशची पांढऱ्या कपड्यांतली एक बाई त्याला उचलून घरी नेते, लपवते, बरा करते. इकडे त्याची माणसं तो मेला समजून रडतात. तिकडे तो आपला देश, आपली भाषा, सगळं विसरतो आणि तिच्याचपाशी राहतो.

लटारूला ही कहाणी खोटी वाटायला हवी होती. पण तो तीच पुन्हा पुन्हा वाचायला लावी आणि भिंतीला डोकं टेकून ऐके. "असा कोरिया आमाले काऊन नाई दिसला जी, फादर?" तो विचारी. "आमी गेलो तवा हे सगळं कुठी होतं?"

एकदा त्यानं विचारलं, "या बाईचं नाव काय हाये?"

फादरनं पानं चाळली. पुढं गेला, मागं आला. "नाम... नाम नहीं लिखा. सफेद कपडेवाली, इतनाच लिखा है."

"एवढं त्याले जगवलं अन् नाव नाई?"

मुखरू हसला. "तुले तरी मालूम हाये काय रे तिथल्या एकाही बाईचं नाव? दोन-तीन सालं राह्यला ना तू?"

लटारू विचार करत बसला. पलटणीच्या तळाजवळ जळालेल्या घरात एक म्हातारी राही. हे दोघं तिला सकाळी भात नेऊन देत आणि ती दोघांचे हात धरून काहीबाही बोले. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. "नाई गा," तो म्हणाला.

इकडे सुगंधेचं चाललं होतं ते वेगळंच. कुरखेड्याकडचा इतवारी नावाचा ढिवर पाटासाठी विचारून गेला होता. बायको साप चावून मेलेली, पदरात दोन पोरी, स्वतःची बोडी. माणूस सरळ. सुगंधेला तो पसंत होता. "गोरा नाई, काळा नाई, दारू पेत नाई, अन् घरी असते," ती म्हणे. "आनखी काय पाह्यजे?" घरी असतो, हा गुण तिला सगळ्यात मोठा वाटे. पण पुतळा जळल्याशिवाय पाट नाही आणि गुणाबाई होकार देईना. वर म्हणे, "लटारूलेच पाह्यजे असन सुगंधा. मनून मारून राह्यला माह्या वारल्याले."

लटारूनं एकदा रीतीनं सांगावा द्यायचं ठरवलं. गावाबाहेर गेला, पागोटं काढलं, दिवसभर घोटभर पाणी न पिता आला आणि फाटकाबाहेर उभा राहून म्हणाला, "गुणाबाई, वारलू गेला." आणि पाठ फिरवली.

"दुसऱ्या खेपेचा सांगावा कोन मानते रे?" मागून म्हातारी ओरडली. "उष्टं पागोटं हाये तुहं!"

लटारू थांबला. परत फिरला, आंगणात शिरला, तिच्यापुढं बसला आणि पायाची पट्टी सोडून पाय तिच्या मांडीवर ठेवला. "पाह्य. जेनं हे खाल्लं ना बाई, तेनंच त्याले खाल्लं. मी बोटं देऊन सुटलो. तो नाई सुटला."

गुणाबाईनं त्या थोटक्या बोटांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग पहिल्यांदा रडली. म्हणाली, "मंडई होऊ दे. मंग करा पुतळा."

सुगंधेनं त्या सांजेला लटारूच्या घरी भाजीची वाटी पाठवली. इतवारीला निरोप गेला. त्यानं बोडीतले मासे राखून ठेवले म्हणतात, पाटाच्या जेवणासाठी.

मंडईच्या आधी मुखरू लटारूकडे आला. "तुहा तो पलटणीचा कोट दे ना गा. यंदा नवा खेळ बांधून राह्यलो."

"कोनता?"

"कोरियाची राणी. फादरचीच कहाणी. पन गोरा शिपाई कोन पाह्यन? आपला हिंदी शिपाई केला. तुयाच मुलखाचा खेळ हाये बाप्पा, तुले पुढं बसवतो."

आणि लटारूनं कोट दिला. का दिला, हे त्याला मरेपर्यंत नीट सांगता आलं नाही. मला वाटतं, तो कोरिया एकदा डोळ्यांनी पाहावा असं त्याला वाटलं असावं.

मंडईत भर दुपारी खेळ लागला. आजूबाजूच्या गावचे लोक, बैलगाड्यांवर बाया, पोरं झाडांवर. बिरजू गोवाऱ्यानं मिशी काढून राणीचं सोंग घेतलं होतं, अंगावर पांढरंशुभ्र लुगडं. टोप्या बांबूच्या कमच्यांच्या, काजळीनं काळ्या केलेल्या. बर्फ म्हणून वरून सावरीचा कापूस सोडत होते. लटारूचा कोट घातलेला शिपाई पडला. राणीनं त्याला उचललं. बिरजूचा दम निघाला तसे लोक हसले, "राणी, कासरा लाव!" पण मग शिपाई बरा झाला, टेकडीवर म्हणजे उखळावर उभा राहिला आणि मुखरूनं त्याच्या तोंडचा सूर लावला:

माय बसली दाराशी, वाट पाहे झाडीतून,
कसा येऊ गा माय मी, राणी सोडे ना हातून.

हसणं बंद झालं. बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. आणि गुणाबाई उठून उभी राहिली. वेडी नव्हती ती. शिपायाचं सोंग कोणी घेतलं आहे ते तिला दिसत होतं. तिनं मुखरूला खणखणीत आवाजात विचारलं, "मुखरू, हे तुया मनातलं काय पुस्तकातलं?"

मुखरूपुढं दहा गावचे लोक बसलेले. त्यानं मान ताठ केली. "पुस्तकातलं, बाई! फ्रेंच मुलकात छापलेलं. एक अक्षर माहं नाई."

"हिंदी शिपाई पुस्तकात हाये?"

"हाये मनतो ना!"

झालं. गुणाबाई घरी गेली आणि तिनं चुलीवर गोडाचं चढवलं.

पुतळ्याच्या दिवशी पंच बसले ते पुतळा न करताच बसले. गुणाबाई म्हणाली, "जित्या पोराले जाळता काय?" सुगंधा खांबाआड उभी होती. इतवारी कुरखेड्याहून आलेला, नवं धोतर नेसून, बाहेर कडुनिंबाखाली बसला होता.

बुधू पंचानं लटारूला उभं केलं. "तू सांग. काय झालं ते पुरं सांग."

लटारूनं ते एकदाच सांगितलं, या बैठकीत. "डोंगर उतरून राह्यलो होतो. डोलीत जखमी होता. मी पुढं, वारलू मांगं. वरून गोळे पडत होते. मी बोललो, 'बर्फ... उतार... दगड हाये.' तो हुंकार देत होता. मंग मी बोललो, 'उजवीकडं नाला.' हुंकार आला नाई. मी थांबलो. पाह्यतो तं डोलीचं मांगचं टोक खाली, अन् तो बसलेला. फक्त बसलेला. जखमी जिता होता, त्याले पाठीवर घेऊन खाली नेलं. परत आलो तवा वारलू दगड झाला होता. पाय सरळ होत नव्हते त्याचे. जाळायले लाकूड मांगतलं. तिथी सगळं रान बाँबनं जळलेलं. आमी झाडीतले मानसं जी, अन् त्याले द्यायले एक लाकडाचा फाटा भेटला नाई. कुदळीनं बर्फ फोडून पुरला. बसलेलाच पुरला."

सुगंधेच्या बांगड्या खांबावर वाजल्या तेवढा आवाज.

मग बुधूनं घसा साफ केला. "अन् इथी येऊन पानी पेलास?"

"पेलो."

"काऊन?"

"तहान लागली होती."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, सांगावा घेऊन येतो आणि तहान लागते? दुसरा एक पंच हळूच म्हणाला, "गोष्ट तं चांगली सांगतलीस गा. पन मुखरूच्या खेळात जरा निराळं हाये."

फादरला बोलावलं होतं. तो पुस्तक घेऊनच आला. घाम पुसत म्हणाला, "ये कहानी है, कहानी. झूठी बात है. लिखनेवाला उधर गया भी नहीं होगा. मन से लिखा है."

गुणाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "तुमचं देवाचं पुस्तक कोन्या पेटीतून काढता जी, फादर?"

"वही... वही पेटी से."

"ते तं खरं मनता."

"वो अलग है, बाई."

"कसं अलग? तुमी ते लिवनाऱ्याले पाह्यलं काय?"

फादर बिचारा फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटला. शिपाई पुस्तकात हिंदी नाही, गोरा आहे, हे त्यानं मग सांगितलं. तेव्हा सगळे मुखरूकडे वळले. मुखरूचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण धानोऱ्याहून त्याला खेळाचं बोलावणं आलं होतं, अहेरीहून येणार होतं. तो म्हणाला, "फादरनं आमाले सांगतला तवा गोरा-काळा नाई सांगतला. फकस्त शिपाई सांगतला."

लटारू त्याच्या अंगावर धावला. चौघांनी धरला. आणि त्यानंच निकाल लागला, कारण खरं बोलणारा असा अंगावर धावत नाही असं पंचांना वाटलं. माय म्हणते जिता, सांगावा बाटलेला, सरकारचा कागद भरवशाचा नाही. हरवलेल्या माणसाची रीत लावा. बारा वर्षं वाट पाहा, मग पुतळा.

इतवारीनं कडुनिंबाखालीच हे ऐकलं. सुगंधा बाहेर आली, त्याच्यापुढं उभी राहिली. म्हणाली, "चला. मी येतो तशीच. पाट नाई तं नाई."

तो धोतराचा सोगा चाळवत राहिला. "बाई, दुसऱ्याच्या जित्या नवऱ्याची बायको घरात घातली तं माह्या पोरींचे लगन कोन करन?"

"तो जिता नाई."

"मले मालूम हाये," इतवारी म्हणाला. "पन पंचाले मालूम नाई ना." आणि गेला. माघात त्यानं दुसरीकडे पाट लावला. माणूस सरळ होता, मी आधीच सांगितलं.

सुगंधा परत गुणाबाईच्याच घरी. धानाची रोवणी करायची, बोडीतून शिंगाडे काढायचे, म्हातारीला दोन वेळा घालायचं. म्हातारी आता खुशीत असे. भात वाढताना म्हणे, "त्या राणीच्या हातचं पचत असन काय त्याले?" सुगंधा ऐकून घेई. लटारू वाटेत भेटला तर ती बाजूला होई. एकदाच थांबली. "एक गडवा पानी पेलात भाऊ," म्हणाली, "अन् मले बुडवलंत." तो काही बोलला असता तरी ते मानलं कोणी असतं?

पुढच्या सालच्या मंडईत तोच खेळ पुन्हा. आता मुखरूचं नाव झालं होतं, लोक लांबून आले होते. लटारूला जबरदस्तीनं पुढं बसवला. "हा पाहा, कोरियाहून आलेला माणूस," असं मुखरू लोकांना दाखवी आणि लोक वाकून पाहत. राणीनं शिपायाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, तेवढ्यात सुगंधा उठली. बायांतून वाट काढत मांडवात शिरली. मेढीवर दोन्ही हात आपटले. काचेच्या बांगड्यांचा चुरा बिरजूच्या पांढऱ्या लुगड्यावर उडाला. मनगटातून रक्त निघालं. तिनं कपाळाचं कुंकू तळव्यानं पुसलं आणि म्हणाली, "माहा नवरा मेला. बर्फात बसून मेला. आता खेळा तुमचा खेळ."

मग मागच्या रांगेतून कोणी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. लोकांना तो खेळातलाच भाग वाटला. बाया हुंदके देत होत्या, पैसे फेकत होत्या. मुखरूनं पाहिलं, आणि ढोलकी-डफवाल्यांना खूण केली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. महिन्याभरानं धानोऱ्याच्या मंडईत खेळाच्या शेवटी लुगडं नेसलेला एक पोट्टा मेढीवर बांगड्या फोडी. तो भाग फार चालला म्हणतात.

पण त्या दिवशी आमच्या मंडईत गुणाबाईनं सुनेचं मनगट धरलं आणि ओढत बांगड्यांच्या दुकानावर नेलं. खुर्शीदा बांगडीवाली दरसाल चांद्याहून येई. लटारू मागं मागं लंगडत गेला, गर्दीही गेली.

"भर," गुणाबाई म्हणाली. "हिरव्या भर. सवाशीन बाई हाये."

खुर्शीदानं सुगंधेचं रक्ताळलेलं मनगट पाहिलं. बांगडी उचलली, आणि थांबली. सुगंधेला विचारून उपयोग नाही, गुणाबाईला विचारून तर नाहीच, हे तिला त्या चेहऱ्यांवरूनच समजलं असावं. तिनं गर्दीत पाहिलं. "लटारूभाई, तुम उधर थे ना? मर्द जिंदा है इसका?"

इतक्या दिवसांत त्याला असं, उत्तर पाहिजे म्हणून, कोणी विचारलं नव्हतं.

"नाई," लटारू म्हणाला. "मेला तो."

खुर्शीदानं बांगडी परत दोरीत ओवली. "फिर मैं नहीं भरती, बाई. मेरे से ये काम नहीं होगा."

"नाई भरत?" गुणाबाई म्हणाली. "नको भरू. मंडईत बांगड्यांचं दुकान तुहंच हाये काय?"

नव्हतं. शेजारीच दुसरं होतं. त्या दुकानदारानं काही विचारलं नाही. सुगंधेचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, रक्त फडक्यानं पुसलं आणि मापाच्या हिरव्या बांगड्या चढवायला लागला.